भोकं बुजवा, मग सिलिंडर मोजा

सर्व्हर रूममध्ये आग विझवायला पाण्याचे फवारे कुणालाच नको असतात, म्हणून तिथे वायूची यंत्रणा बसते. आराखडा करणारा येतो, लांबी-रुंदी-उंची घेतो आणि सिलिंडरचं वजन सांगून मोकळा होतो. १०० घनमीटरची खोली, २० अंश तापमान आणि एफएम-२०० वायूचं प्रमाण ७ टक्के धरलं, तर साधारण ५५ किलो वायू लागतो. तो १० सेकंदांत खोलीभर पसरायला हवा.

हा हिशेब सगळ्यांना येतो. भिंतीतली भोकं मात्र कुणी मोजत नाही!

डासांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देणारी आजी आठवावी. ती आधी पोरांना अंगणात काढते, मग खिडक्या ओढते, निखारे त्यानंतर. तावदान फुटकं असेल तर पाला दुप्पट टाकून काय उपयोग? आणि पाच मिनिटांत कुणी दार उघडलं, की डास परत आत. वायूचंही तेच. निदान १० मिनिटं तो खोलीत टिकावा लागतो, नाहीतर धुमसणारी केबल पुन्हा पेट घेते. एफएम-२०० मिसळलेली हवा जड होते. ती फॉल्स फ्लोअरखालच्या केबलच्या भोकांतून निथळते आणि वरच्या फटींतून ताजी हवा येते. एसीचा डॅम्पर वायू सुटण्याआधी मिटला नाही, तर सगळं मुसळ केरात.

आजीची पहिली पायरीही विसरू नये. नोव्हेंबर २००८मध्ये जपानच्या समुद्रात चाचणीवर असलेल्या ‘नेरपा’ या रशियन पाणबुडीत आग नसताना अग्निशमन वायू सुटला आणि २० माणसं गेली. हीच पाणबुडी पुढे ‘आयएनएस चक्र’ म्हणून भारतीय नौदलात आली. म्हणून आधी भोंगा, मग माणसं बाहेर, मग वायू. आणि दाराशी वायू थोपवून धरण्याचं बटण. कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा तर माणसांच्या वावराच्या खोलीत नकोच.

धुरीची गोष्ट इथे संपते, कारण धुरीने भिंत फुगत नाही. नायट्रोजन, आर्गॉनसारखे वायू सुटताना खोलीत दाब चढतो, त्यासाठी झडपेची वाट मुद्दाम ठेवावी लागते. आवाजही भयंकर. २०१६मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये सराव चालू असताना सुटलेल्या वायूच्या नुसत्या आवाजाने हार्ड डिस्क बिघडल्या. नोझल कुठे लावावेत, हा त्यामुळे वेगळाच... पण वेळ थोडा आहे, आणि भोकांचं पुन्हा सांगायलाच हवं.

दारात पंखा बसवून खोलीची गळती मोजणारी ‘डोअर फॅन टेस्ट’ असते. यंत्रणा बसवून घेणाऱ्यांनी तिचा अहवाल हातात पडल्याशिवाय शेवटचं बिल चुकतं करू नये. आणि इंटरनेटवाल्याने ड्रिल घेऊन भिंतीला नवं भोक पाडलं, तर ते त्याच दिवशी अग्निरोधक मसाल्याने बुजवून चाचणी पुन्हा करून घ्यावी.