उताराचा हिशेब



कॅलिफोर्नियात राहणारी आपली बरीच मराठी कुटुंबं हल्ली सुट्टीत गाडीमागे ट्रेलर जोडून वाळवंटात मुक्कामाला जातात. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घरच. पलंग, शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सगळं त्यात. इकडून गेलेले आईवडीलही हौसेनं सोबत असतात. असा ट्रेलर ओढत त्या रस्त्यांवर मीही गाडी चालवली आहे. आज बोलायचं आहे ते तिथल्या घाटांविषयी, आणि त्यातही उताराविषयी.

डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यात पश्चिमेकडून नेणारा रस्ता म्हणजे स्टेट रूट 190. लोन पाइन गावाकडून निघालं की आधी वळणावळणानं पॅनामिंटच्या खोऱ्यात उतरायचं, खोरं ओलांडायचं आणि मग टाउन पास ही खिंड चढायची. खिंडीची उंची सुमारे 1510 मीटर. तिथून पलीकडे साधारण 27 किलोमीटरवर स्टोव्हपाइप वेल्स आहे, जवळजवळ समुद्रसपाटीला. काही टप्प्यांत रस्त्याचा कल 9 टक्क्यांपर्यंत जातो. डेथ व्हॅलीतच फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं.

निघताना सगळ्यांना धास्ती असते ती चढाची. गाडी ओढेल ना, इंजिन तापणार नाही ना. ही धास्ती खोटी नाही. चढावर एसी बंद ठेवा असे फलक तिथे लावलेले आहेत, रेडिएटरमध्ये घालायला पाण्याच्या टाक्याही ठेवलेल्या असत. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर 300 मीटरला साधारण 3 टक्क्यांनी घटते. गाडी किती वजन ओढू शकते हे ठरवण्याची अमेरिकेतली एसएई जे-2807 ही चाचणीसुद्धा वाळवंटातल्याच एका घाटावर बेतलेली आहे. अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, सुमारे 18 किलोमीटरचा. 38 अंशांची उष्णता, एसी पूर्ण सुरू, मागे पूर्ण वजन, आणि तरीही ठरलेल्या वेगाखाली यायचं नाही. ज्या गाडीनं हे मानक पाळलं आहे, ती चढाला सहसा दगा देत नाही.

पण चढावर काही बिघडलं तर गाडी थांबते. उतारावर बिघडलं तर ती थांबत नाही. म्हणून माझं सांगणं आहे की घाटाचा विचार उतारापासून सुरू करावा.

जरा हिशेब करू. गाडी अडीच टन, ट्रेलर तीन टन, मिळून साडेपाच टन. हे वजन दीड किलोमीटर खाली आणायचं, तर साधारण 22 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. उतरायला अर्धा तास लागतो असं धरलं, तर हजार वॅटच्या 44 इस्त्र्या अर्धा तास पेटत्या ठेवल्यासारखं ते आहे. हवेचा आणि टायरांचा विरोध त्यातला काही वाटा उचलतो. उरलेली उष्णता ब्रेकमध्ये जाणार की इंजिनात, हे ठरवणं चालवणाऱ्याच्या हातात असतं.

ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलात तर पॅड तापून गुळगुळीत होतात आणि पकड सोडतात. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषत राहतं. नवं डॉट-3 ऑइल 205 अंशांच्या पुढे उकळतं, पण ओल धरलेलं 140 अंशांच्या आसपासच उकळू शकतं. नळीत वाफ झाली की पेडल सरळ तळाला जातं आणि गाडीला ब्रेकच राहत नाही. म्हणून अशा प्रवासाआधी ब्रेक ऑइल बदलून घ्यावं. खर्च किरकोळ आहे.

उपाय जुनाच आहे: खालचा गिअर. आणि तो उतार सुरू होण्याआधी, माथ्यावरच टाकायचा. गाडीत ट्रेलर ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड असेल तर तो सुरू ठेवायचा. इंजिन गुरगुरायला लागतं, शेजारी बसलेले घाबरतात. घाबरू नये, इंजिन आपलं काम करत असतं. वेग वाढला तर ब्रेक एकदा ठामपणे दाबून तो उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, म्हणजे ब्रेकला निवायला वेळ मिळतो. आपल्याकडे डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची खोड आहे. ती तिथे अजिबात नको. ती इथल्या घाटातही नको.

मोठ्या ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात, त्यांचा कंट्रोलर चालकाच्या हाताशी असतो. ते खरोखर लागतात की नाही, हे कळण्याची एक साधी रीत आहे. उताराच्या मध्यावर रुंद जागा पाहून थांबा. चाकाला हात लावू नका, तळहात रिमपासून वीतभर लांब धरा आणि एकेक चाक पाहत मागे जा. गाडीच्या चाकांची धग लागते आणि ट्रेलरची चाकं मात्र गार आहेत, तर ट्रेलर ब्रेक लावतच नाही, सगळा भार गाडीवर आहे. ट्रेलरचं एकच चाक भाजत असेल, तर तिथला ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. दोन मिनिटांचं काम, पण मी ते कधी टाळत नाही.

त्या वाळवंटाला हे शहाणपण नवं नाही. 1880 च्या दशकात डेथ व्हॅलीतून बोरॅक्स या खनिजाच्या गाड्या मोहावे गावापर्यंत जायच्या. अठरा खेचरं, दोन घोडे, दोन प्रचंड गाडे, मागे पाण्याची टाकी, एकूण वजन सुमारे 33 मेट्रिक टन. हाकणारा पुढे असायचा, आणि उतारावर मागच्या गाड्याचा ब्रेक धरायला त्याचा साथीदार नेमलेला असायचा. मागच्या वजनाला वेगळा ब्रेक हवा, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

सामान भरताना ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार पुढे जोडावर यायला हवा. जड सामान मागे गेलं की उतारावर ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो. तसं झालं तर स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावा. टायरची हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून ती कमी करू नका. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगाची कायदेशीर मर्यादा ताशी 55 मैल आहे. घाटात तर त्याहून बऱ्याच कमी वेगानं उतरावं लागतं.

तुमची मुलं तिकडे असतील तर त्यांना एवढं जरूर कळवा. ट्रेलर न्यायचा तर नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, आणि घाट सकाळी लवकर गाठावा. उन्हाळ्यात डेथ व्हॅली पाहायचीच असेल, तर ट्रेलर लोन पाइनला ठेवावा आणि मोकळ्या गाडीनं पुढे जावं.