जुना हिशेब, नवी हत्यारे



चिटणीसांनी बोलावले तेव्हा आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले होते, की आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उशाशी घेऊन आणि पगारचिठ्ठ्या चाळून. संगणकाचे जुने प्रोग्राम नव्या लायब्रऱ्यांवर आणणे हा विषय आमच्यासारख्याने का घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच, की कामगाराचा पगार आज मुनीम काढीत नाही, प्रोग्राम काढतो. आणि मुनिमाशी भांडायला शिकलो तसे ह्याच्याशीही शिकावे लागले.

प्रथम त्या शब्दाविषयी. प्रोग्राम लिहिणारे ज्याला लायब्ररी म्हणतात ती आपल्या गावच्या वाचनालयासारखी नव्हे. ती कारखान्यातल्या टूल-रूमसारखी. फिटर प्रत्येक पाना स्वतः घडवीत बसत नाही, टूल-रूममधून आणतो. तारखा मोजणे, दुसऱ्या यंत्राकडून माहिती मागवणे, ही कामे तशीच कोणीतरी आधी करून ठेवलेली असतात. आता टूल-रूममधले सगळे पाने एका रात्रीत इंचाचे मिलिमीटरचे झाले तर? डिसेंबर २००८ मध्ये पायथन ह्या भाषेत तसेच घडले. तिची तिसरी आवृत्ती निघाली, आणि ती दुसरीशी जुळणारी नव्हती. मुद्दामच नव्हती, कारण जुन्या खोडी काढायच्या होत्या. जुन्या आवृत्तीची देखभाल २०१५ मध्ये थांबवायचे ठरले. पण लोक हलेनात, म्हणून २०१४ मध्ये मुदत वाढवून १ जानेवारी २०२० केली. जँगोसारख्या लायब्रऱ्यांनी त्याआधीच, २०१७ मध्ये, नव्या आवृत्तीतून जुन्यांना दार बंद केले. अकरा वर्षे! आमचा एकही वेतनकरार एवढा रेंगाळला नाही, आणि आमचे करार रेंगाळण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

एका कारखान्यात आमची युनियन होती. नाव सांगत नाही. तिथला पगाराचा प्रोग्राम जुन्या पायथनमधला. २०२१ मध्ये तो नव्यावर आणायला एक मुलगा कंत्राटावर घेतला. पहिला फरक आम्हांला गोडच वाटला. आमच्या आग्रहावरून चिठ्ठ्या मराठीत निघत. पण जुना प्रोग्राम अक्षरे मोजीत नसे, बाइट मोजी, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. नावाला वीस जागा. म्हणून धोंडिरामचा धोंडिर व्हायचा आणि पुढे एक चौकोनी ठिगळ. वर्षानुवर्षे लोक तसल्या चिठ्ठीवर सही करीत होते. नव्या आवृत्तीत धोंडिराम पुरता उमटला.

दुसरा फरक मात्र पैशाचा होता. त्या मुलाने शहाणपणाने एक महिना दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवले. हजेरी तीच, आणि ओव्हरटाइमची बेरीज जुळेना. कारण असे. जुन्या पायथनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडे. सात भागिले दोन म्हणजे तीन! रोज ४५४ रुपये असलेल्या माणसाचा तासाचा दर ५६ रुपये ७५ पैसे. जुना प्रोग्राम ५६ धरी. ओव्हरटाइमला दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने मिळवून दिलेले. तो ११३ रुपये ५० पैसे व्हायचा, मिळत होते ११२. तासाला दीड रुपया. महिन्याला तीस तास धरा, पंचेचाळीस रुपये. भाषा आपोआप बदलून देणारे एक साधन होते. ते कंस घाली, लायब्रऱ्यांची नवी नावे लिही, पण भागाकाराला हात लावीत नसे, कारण त्या दोन संख्या पूर्णांक आहेत की नाहीत हे त्याला कळायचे कसे? म्हणून नुसत्या बदललेल्या भाषेने खरे उत्तर दिले.

वरून हुकूम आला : नव्याने जुनेच आकडे दिले पाहिजेत. ते अवघड नव्हते. भागाकाराची तिरपी रेघ एकाऐवजी दोनदा ओढली की अपूर्णांक पुन्हा गळतो. तो मुलगा रात्री कचेरीत आला आणि दोन कागद टेबलावर ठेवून उभा राहिला. बस म्हटले तरी बसला नाही.

वाटाघाटीत आम्हांला सांगण्यात आले, की ही यंत्राची चूक आहे. आम्ही म्हटले, यंत्राने ठरल्याप्रमाणेच केले. ही रीत भाषेच्या पुस्तकात छापलेली होती, आणि खरा भागाकार मागण्याची सोयही २००१ पासून होती. फक्त कोणी मागितला नाही. मग तडजोड पुढे आली : तासाचा दर जवळच्या पूर्ण रुपयात धरू. ऐकायला बरे. पण नव्या पायथनची रीत अशी, की बरोबर अर्धा उरला तर जवळच्या सम संख्येकडे जायचे. ११३.५० चे ११४ होतात. ४५० रोजवाल्याचे ११२.५० मात्र ११२ होतात, म्हणजे जुन्याइतकेच. जुनी आवृत्ती असा अर्धा वर नेत असे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने नवी रीत चांगली आहे. मोठ्या बेरजेत चुका एकमेकींना खातात. पण ४५० वाल्याचा रोज महिन्याला बदलत नाही. त्याचे पन्नास पैसे दर तासाला जाणार, आणि ते शेजाऱ्याला मिळाले हे त्याचे समाधान कसे व्हावे? आम्ही पैशांसकट दर मागितला, आणि पूर्ण रुपया करायचाच तर महिन्याच्या बेरजेवर एकदाच, वरच्या बाजूला. तो मिळाला.

मागचा फरक तीन वर्षांचा कबूल झाला; आम्ही अधिक मागत होतो. त्या मुलाचे नाव आम्ही कोठेही घेतले नाही, तरी त्याचे कंत्राट पुढे वाढले नाही. आम्ही त्याच्यासाठी भांडू शकलो नाही, कारण कंत्राटी माणूस आमचा सभासद नव्हता. त्या सालच्या अखेरीस आम्ही ती घटना बदलली.

फरक काढायचा तर जुनी हजेरी जुन्या यंत्रातच होती, आणि ते यंत्र भंगारात काढायची तयारी चालली होती. आमचे दोन सभासद टाइम ऑफिसच्या दाराशी पाळीपाळीने बसले. शेवटचा हिशेब छापून हातात पडला तेव्हाच ते उठले.