दिवाणी कायदा आपल्या कामाचा

(हिंगोली जिल्ह्यातील कायद्याच्या विद्यार्थिनींपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)

मैत्रिणींनो,

वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा गावांतून तुम्ही वकील व्हायला निघालात, याचा आनंद आहे. पण तुमच्यातल्या बऱ्याच जणींना फौजदारी कायदा आवडतो आणि दिवाणीचा कंटाळा येतो. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, तिची १५८ कलमं, ५१ आदेश. आजोबानं दावा लावायचा आणि नातवानं निकाल ऐकायचा!

तरीही मी म्हणते, दिवाणी नीट शिका. नवऱ्यानं मारलं म्हणून बाई आपल्याकडे येते. तक्रार नोंदवून झाली की तिचा पुढचा प्रश्न असतो : आता राहू कुठं, खाऊ काय? घर कुणाच्या नावावर, शेत कुणाच्या नावावर, हे तिथं कळीचं होतं. तो सगळा प्रांत दिवाणीचा.

वडिलोपार्जित शेताचंच बघा. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मानं हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात हवेत का, यावर वाद चालला. ते हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात दिला. हिंदू वारसा कायदा बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही लागू आहे. मुस्लिम बहिणींचा वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं ठरतो, तोही शिकून घ्या.

कागदावर हक्क आला. मग सातबाऱ्यावर बहिणीचं नाव का दिसत नाही? कारण हक्कसोडपत्र. वडील गेले की भाऊ म्हणतो, "ताई, एवढी सही कर." माहेर तुटेल या भीतीनं ती करते. जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं आणि एकदा नोंदलं की ते मोडणं फार अवघड. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ही मुदत तिला वेळेवर सांगणारी वकील तालुक्याला हवी. आणि पैसे नाहीत म्हणून ती परत जाऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला दिवाणी कायद्याचीच परीक्षा दिली. पदवी हातात पडायला १९२२ उजाडलं. बायकांना वकिलीची वाट १९२३ च्या कायद्यानं मोकळी झाली. तोवर त्या थांबल्या नाहीत. पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेची कामं त्या करीतच राहिल्या.

तुम्हांला तेवढं थांबायचं नाही. पदवीनंतर तीन वर्षं किंवा बारावीनंतर पाच वर्षं, मग बार कौन्सिलची परीक्षा. सनद मिळाली की सुरुवातीला ज्येष्ठ वकिलांकडे तारखा घेण्यातच दिवस जातील. तेव्हा दाव्याचा मसुदा मागून घ्या, फेरफार वाचा, तलाठ्याच्या नोंदी तपासा. "पोरीला दिवाणी झेपायचं नाही" म्हणणारे भेटतील. त्यांना कामानं उत्तर द्या.

आणि एक. उद्या तुमच्याही घरी तो कागद तुमच्यापुढं येईल. द्यायचा तर हिस्सा जरूर द्या, पण समजून, स्वतःच्या मनानं द्या. आईला, आत्यालाही तो कागद वाचून दाखवा. तुमची वकिली तिथूनच सुरू होईल.