मुक्या सोबत्याचा धडा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही कुत्र्याविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु तोबीतचा ग्रंथ आठवावा. तरुण तोबिया दूर प्रवासास निघाला, तेव्हां रफाएल देवदूत त्याचा वाटाड्या झाला आणि घरचें कुत्रें मुकाट्यानें त्यांच्याबरोबर गेलें. ज्या प्राण्यास पवित्र शास्त्रानें जागा दिली, त्यापासून पुढारीपणाचा धडा घेण्यांत कमीपणा तो कसला?

पहिला धडा अडचण सोडविण्याचा. सन २००३ मध्यें बुडापेस्टच्या संशोधकांनीं माणसांनीं वाढविलेले लांडगे व पाळीव कुत्रे यांची परीक्षा प्रसिद्ध केली. खाद्य मिळविण्याची युक्ति दोघांसही शिकवून मग ती वाट बंद केली. लांडगे नुसते झटत राहिले. कुत्र्यांनीं प्रयत्न करून पाहिला व लवकरच वळून धन्याच्या तोंडाकडे पाहिलें. हा दुबळेपणा नव्हे. आधीं स्वतः झटावें, आणि शक्ति सरली असतां साह्य मागण्यास लाजूं नये. वारा फिरला असतां जो तांडेल जुन्या खलाशाचा सल्ला घेतो, त्याचीच होडी सुखरूप गोराईच्या किनाऱ्यास लागते.

दुसरा धडा संयमाचा. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत झालेल्या स्फोटांत २५७ माणसें प्राणांस मुकलीं. त्या संकटकाळीं मुंबई पोलिसांच्या जंजीर नामक लॅब्रॅडॉर कुत्र्यानें दडविलेला दारूगोळा हुडकून काढला. ३,३२९ किलो आर. डी. एक्स.चा शोध त्याच्या नांवें सांगितला जातो. सन २००० च्या नोव्हेंबरांत तो हाडांच्या कर्करोगानें वारला, तेव्हां पोलिसांनीं त्यास सन्मानानें निरोप दिला. अशा कुत्र्यांस शिकवण असते कीं, वास लागतांच शांत बसावें. पंजानें उकरूं नये. पुढील काम जाणत्या हातांचें. घरांतील वा मंडळींतील कलहाचेंही असेंच आहे. दोष दिसला म्हणजे तो चव्हाट्यावर उकरूं नये. ज्याचें काम त्यास एकांतीं दाखवून द्यावा.

तिसरा धडा पुढाऱ्यांस विशेष लागू आहे. सन २०११ मध्यें कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं अठरा शोधक कुत्रे व त्यांचे शिक्षक यांची कसोटी प्रसिद्ध केली. ती एका चर्चच्या इमारतींत झाली होती. तेथें कांहींच लपविलेलें नव्हतें. परंतु तांबडा कागद लाविला आहे तेथें वास आहे, असें शिक्षकांस सांगितलें होतें. परिणाम असा झाला कीं, कुत्र्यानें खूण केली असें दोनशेंहून अधिक वेळां कळविण्यांत आलें! कुत्र्यांनीं धन्याचें मन ओळखलें असेल, किंवा धन्यासच मनांतलें दिसलें असेल. दोहोंपैकीं कांहींही असो, चुकीचें मूळ दोरीच्या वरच्या टोकास होतें.

बंधुभगिनींनो, जो पुढारी आपला मनोदय आधींच प्रकट करतो, त्यास पुढें केवळ आपल्याच मताचा प्रतिध्वनि ऐकूं येतो. म्हणून आमची विनंति आहे कीं, आपल्या सभांमध्यें सर्वांत लहानानें प्रथम बोलावें आणि अध्यक्षानें शेवटीं. विधवेचें गाऱ्हाणें, खाडीपलीकडे कामास जाणाऱ्या तरुणाची अडचण, ही सभेपुढें येण्यास दुसरा मार्ग नाहीं.

ज्यांच्या हातीं उद्यां या धर्मग्रामाची दोरी येईल, त्यांस प्रभु निश्चयाबरोबर ऐकणारे कानही देवो, ही आमची प्रार्थना.