पुरात कामाची मोटरबोट

श्रोतेहो, धायरीच्या वर खडकवासल्याचे धरण आहे. 25 जुलै 2024 रोजी त्याचे पाणी मुठेत सोडले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना काढायला बोटी आणाव्या लागल्या. अशा वेळी कोणती बोट चालते, ते पाहू.

मोठ्या बोटीत इंजिन आत, पोटात असते. दांडा तळातून बाहेर जातो, त्यावर पंखा फिरतो. वळायला सुकाणू वेगळे. उथळ पाण्यात तो पंखा दगडावर आपटतो. लहान बोटीला इंजिन मागच्या फळीला टांगतात. ते वळवले की बोट वळते, पाणी उथळ लागले की वर उचलता येते. म्हणून पुरात तेच सोयीचे.

मात्र मंडळी, पाण्यातला माणूस जवळ आला की इंजिन बंद करा. पंखा थांबल्यावरच त्याला वर घ्या.