मूत्राशयाची घाई आणि तिच्यावरील गोळ्या



लघवीसारखा विषय व्याख्यानाला घेतला म्हणून काही मंडळींनी नाके मुरडली. मुरडू द्यात. लाजेपायी माणसे किती सोसतात, हे आम्ही संघटनेच्या कामात पुष्कळ पाहिले आहे.

मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ती भरेपर्यंत स्नायूने सैल राहावयाचे असते. काहींचा स्नायू मात्र पिशवी अर्धी भरली नाही तोच आवळू लागतो. मग जी घाई होते ती आवरत नाही. दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा जावे लागते, रात्रीही झोप मोडते.

आवळण्याचा निरोप स्नायूला पोचविणारे द्रव्य म्हणजे ॲसिटिलकोलीन. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनासिन ही औषधे त्या निरोपाची वाट अडवितात. पण हाच निरोप्या लाळेच्या ग्रंथींकडे आणि आतड्यांकडेही जातो. म्हणून तोंडाला कोरड पडते, शौचास खडा होतो, आणि वृद्धांची स्मृती कधी घोटाळते. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळालेले मिराबेग्रॉन निराळ्या वाटेने स्नायू सैल करते. त्याने कोरड कमी पडते, मात्र रक्तदाब वाढू शकतो. मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, पुरुषांत प्रोस्टेटची वाढ यांनीही असाच त्रास होतो. तेव्हा शेजाऱ्याची गोळी मागून खाऊ नये, डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. गुण यावयास काही आठवडे लागतात.

आता आमच्या खात्यातली गोष्ट. एका कारखान्यात पॅकिंगच्या बायांना लाईन सोडण्यासाठी मुकादमाची परवानगी लागे. बाया सकाळपासून पाणीच पीत नसत. पाणी तोडले की लघवी दाट होते, आणि दाट लघवी मूत्राशयाला अधिकच डिवचते. त्यात गोळीने घसा सुकलेला. अशी बाई महिन्याच्या आत गोळी टाकून देते, आणि सगळे म्हणतात, औषध लागू पडले नाही!

गोळीच्या आधी डॉक्टर मूत्राशयाला वळण लावावयास सांगतात: घड्याळ पाहून जायचे, मधले अंतर हळूहळू वाढवीत न्यायचे. उपाय बिनपैशाचा. पण घड्याळ मुकादमाच्या हाती असेल तर तो पाळावा कसा? मुताऱ्या कामगारांना कामावर असताना सर्व वेळी खुल्या असाव्यात, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १९ व्या कलमात लिहिले होते. त्या कारखान्यात मुतारी होती, पण किल्ली मुकादमाच्या खिशात असे. आम्ही दोनच मागण्या घातल्या: किल्ली काढा, आणि प्रत्येक लाईनीला एक बदली बाई द्या. किल्ली आठवड्यात निघाली. बदली बाईसाठी मात्र अजून भांडतो आहोत.