नेसणें आणि घालणें

आपल्या भाषेंत वस्त्रासाठीं दोन क्रियापदें आहेत. सदरा आपण घालतों. धोतर आणि लुगडें नेसतों. घालण्याचें वस्त्र शिंपी एकदां माप घेऊन बेततो. नेसण्याच्या वस्त्राचें माप नेसणारा रोज स्वतःच ठरवितो. म्हणूनच नऊवारी लुगडें सासूलाही होतें आणि सुनेलाही.

पण या सोयीला हातांत बळ लागतें. गेल्या वर्षीं आम्ही औंढा नागनाथाला गेलों. तेथील शिवलिंग जमिनीखालच्या लहान गाभाऱ्यांत आहे. अरुंद, उभ्या पायऱ्यांनीं वांकून उतरावें लागतें. माझ्या वडिलांचे हात आतां थरथरतात, निऱ्या नीट खोंचल्या जात नाहींत. तरी नागनाथापुढें धोतर नेसूनच जावयाचें, हा त्यांचा हट्ट. म्हणून बाजारांतून शिवलेलें धोतर आणलें. कमरेला नुसतें इलॅस्टिक. वडिलांची कंबर बारीक. दुसऱ्याच पायरीवर सोगा पायाखालीं आला. मुलानें दंड धरला म्हणून निभावलें. वडील कांहीं बोलले नाहींत. परंतु दर्शन घेतांना त्यांचा एक हात कमरेवरच राहिला, दोन्ही हात जोडतां आले नाहींत.

नेसण्याचें वस्त्र शिवून घेण्याचा हा प्रश्न स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांपुढेंही आला होता. त्यांचा किल्ट पूर्वीं न शिवलेलें लांब लोकरी कापड असे. चुण्या घालून तें कमरपट्ट्यानें आवळीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या चुण्या शिवल्या जाऊं लागल्या. परंतु शिंप्यांनीं एक सोय राखली. पुढचे दोन पदर एकमेकांवर पुरते चढतात आणि कुशींवर कातडी पट्टे व बकलें असतात; कंबर थोडी वाढली वा उतरली, तर पट्टा एक भोंक मागें-पुढें सरकवावा. जुन्या किल्टाला खिसा नाहीं, म्हणून पुढें चामडी पिशवी बांधतात. अलीकडच्या कामकाजी किल्टांना खिसे असतात आणि पुष्कळांना टिचबटणेंही.

हें ध्यानीं घेऊन आम्हीं शेजारच्या शिंप्याकडून धोतर नव्यानें शिवविलें. इलॅस्टिक काढून रुंद नेफा केला व त्यांत सुती नाडी ओंविली. बाजूच्या फटीचे कांठ चार बोटें एकमेकांवर चढविले आणि तेथें हुकांच्या दोन ओळी लावल्या. शिवणींत दोन बोटें माया ठेवली. कांठ घोट्याच्या वर घेतला. पूर्वीं पैसे कनवटीला लावीत, त्या जागीं आंतून एक खिसा केला. नाडीची गांठ पुढें, जेथें म्हाताऱ्याचा हात सहज पोंचेल तेथें.

तयार धोतर किंवा शिवलेली नऊवारी घेतांना आपणही रंग आणि कांठ यांच्या आधीं नेफा उलटून पाहावा. कमी-अधिक करण्यास तेथें जागा नसेल, तर तें वस्त्र आपलें नव्हे.

यंदां आम्ही पुन्हां औंढ्याला गेलों. वडील सावकाश, भिंतीला धरून उतरले. खालीं पोंचल्यावर त्यांनीं दोन्ही हात जोडले.